नेमबाजी क्लबाने परवानाधारकांची बाजू मांडावी का, आणि मांडायची तर कशी?

प्रश्न असा आला आहे: शस्त्र कायद्यात बदल होणार असल्याची चर्चा आहे आणि क्लबाच्या कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, आपण खेळाडू आहोत, रेंज सांभाळावी, स्पर्धा भरवाव्यात, कायद्याच्या भानगडीत पडू नये. दुसरा म्हणतो, आत्ता गप्प बसलो तर उद्या रेंजच उरणार नाही. क्लबाने उतरावं का, आणि उतरायचं तर नेमकं काय करावं?

माझं बरंचसं आयुष्य रेंज ऑफिसर म्हणून फायरिंग लाइनच्या मागे आणि क्लबाचा सचिव म्हणून कागदांच्या ढिगात गेलं आहे. उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सरकारदरबारी क्लबाच्या शब्दाला जे वजन येतं ते रेंजवरच्या शिस्तीमुळे आणि त्या शिस्तीच्या नोंदींमुळे येतं. सभासद किती आहेत किंवा आवाज किती मोठा आहे, याला तिथे फार किंमत नसते.

पहिल्या गटाचं म्हणणं मला समजतं, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. क्लब कायद्याच्या बाहेर कधी नव्हताच. ऑस्ट्रेलियात शस्त्र बाळगायला ठोस कारण दाखवावं लागतं, आणि खेळासाठी परवाना मागणाऱ्याला मान्यताप्राप्त क्लबाचं सभासदत्व हेच ते कारण असतं. ब्रिटनमध्ये गृहखात्याने मान्य केलेल्या क्लबात नव्या माणसाला किमान 3 महिने उमेदवारी करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये ठरावीक प्रकारची अर्ध-स्वयंचलित (एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारी) शस्त्रं खेळासाठी घेणाऱ्याने 5 वर्षांनी आणि पुन्हा 10 वर्षांनी आपण क्लबाचे सभासद आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो हे सिद्ध करायचं असतं. म्हणजे सचिव ज्या दाखल्यावर सही करतो तो दाखला परवान्याच्या साखळीतली एक कडी असतो. सही करायची जबाबदारी आपल्यावर असेल, तर कायदा कसा असावा हे सांगायचा हक्कही आपल्याला आहे. नुसता हक्क नाही, ते आपलं कामच आहे, कारण काडतूस, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आणि बोल्ट (तो उघड-बंद करणारा खटका) रोज हाताळणारी माणसं मसुदा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर सहसा नसतात.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. 13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने 16 लहान मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार मारलं. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. तो नेमबाजी क्लबांमध्ये जाणारा माणूस होता. त्याचं शस्त्र बाळगण्याचं प्रमाणपत्र रद्द करावं, असं एका पोलीस अधिकाऱ्याने 1991 मध्येच लेखी कळवलं होतं, आणि त्यावर काही झालं नाही. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीत हे सगळं नोंदलं गेलं. परवानाधारकांची बाजू मांडायला निघालेल्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट वाचावं असं मला वाटतं. ‘गुन्हे बेकायदा बंदुकांनी होतात, आमचा काय संबंध’ हे वाक्य डनब्लेनपुढे टिकत नाही.

न्यूझीलंडमध्येही तेच दिसतं. 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं गेली. हल्लेखोराकडे परवाना होता आणि तो एका रायफल क्लबात सरावाला जात असे. पुढे 2020 मध्ये आलेल्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, अहवालात त्याला परवाना देतानाच्या चुका मांडल्या गेल्या. अर्जदाराला ओळखणारा माणूस म्हणून जवळच्या नातेवाइकाची मुलाखत अपेक्षित होती. प्रत्यक्षात पोलीस बोलले ते त्याच्या ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मित्राशी आणि त्या मित्राच्या आई-वडिलांपैकी एकाशी. इथे शस्त्राच्या प्रकाराइतकाच प्रश्न होता माणसाची पारख कोण करतं याचा.

ही पारख क्लबाला करता येते. पोलिसांना अर्जदार एखाद-दोनदा भेटतो, आपल्याला तो दर आठवड्याला दिसतो. नवा माणूस आला की मी त्याचा टार्गेट-पेपर शेवटी बघतो. आधी बघतो तो ‘स्टॉप’ म्हटल्यावर काय करतो ते. बोट ट्रिगरवरून लगेच बाहेर येतं का? बोल्ट उघडून सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी आहे हे दाखवणारी पट्टी) चेंबरमध्ये घालायला त्याला आठवण करून द्यावी लागते का? पुढे माणसं टार्गेट बदलायला गेली असताना तो बंदुकीपासून दोन पावलं मागे उभा राहतो, की तेवढ्यात नेम धरायची खूण तपासावीशी वाटून हात पुढे करतो? दुरुस्त केल्यावर चेहऱ्यावर राग येतो का? बोलताना खेळाचे, गुणांचे, श्वासाचे प्रश्न विचारतो, की सगळी चौकशी ‘याने काय काय भेदता येतं’ अशीच असते? कोणत्याही एका गोष्टीवरून माणूस वाईट ठरत नाही. पण हे सगळं तारखेसह वहीत उतरवलेलं असलं, तर दाखल्यावर सही करताना हात थांबवायला आधार मिळतो. आणि खरंच शंका आली तर सभासदत्व नाकारणं आणि परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवणं, हे क्लबाने न कचरता करायला हवं. आपल्याच माणसाची तक्रार कशी करायची, असा संकोच मी पुष्कळ पाहिला आहे. तो मोडून काढावाच लागतो. ज्या क्लबाने कधीच कुणाला नाही म्हटलेलं नाही, त्याने ‘आमचे सभासद जबाबदार आहेत’ असं लिहून दिलं तर अधिकाऱ्याने ते का मानावं?

म्हणून निवेदन लिहायला बसण्याआधी आपली कपाटं उघडून पाहा. हजेरीची वही रोजच्या रोज भरली जाते का? क्लबाच्या शस्त्रांची आणि काडतुसांची आवक-जावक जुळते का? छोट्या चुकांची नोंद होते का? म्हणजे नळीचं तोंड क्षणभर बाजूला वळलं, ‘अनलोड’नंतर चेंबरमध्ये गोळी राहिली, असल्या गोष्टी. त्या लपवणारा क्लब मला भीतिदायक वाटतो. त्या नोंदवून पुढच्या सभेत वाचून दाखवणारा क्लब मंत्रालयात ताठ मानेने बसू शकतो.

आता प्रत्यक्ष बाजू मांडण्याबद्दल. भावनिक पत्रं, सह्यांची मोहीम, ‘आम्हाला गुन्हेगारासारखं वागवलं जातं’ असा सूर, यांनी फारसं काही हलत नाही. हलतं ते कलमवार लिहिलेल्या टिपणाने. मसुद्यातला अमुक शब्द, त्याचा रेंजवर होणारा परिणाम, त्याऐवजी सुचवलेला शब्द, आणि त्या शब्दानेही सुरक्षेचा हेतू कसा साधतो हे, एवढं एका पानात बसायला हवं.

काडतुसांच्या साठ्याचंच बघा. कायदा करणाऱ्याला एखाद्याच्या घरी हजारो गोळ्या सापडल्या हे ऐकूनच धडकी भरते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण पॉइंट 22 (सर्वांत छोट्या कॅलिबरची, म्हणजे नळीच्या व्यासाची) रायफल चालवणाऱ्या नेमबाजाला विचारा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेले गट, एकाच नळीतून वेगवेगळे पडतात. कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो हे तपासण्यासाठी रायफल पकडीत बसवून प्रत्येक लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ पडतात त्याचा शक्य तितका मोठा साठा विकत घेतात, कारण तो संपला की पुन्हा मिळत नाही. 50 मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे हा फरक पदकाचा असतो. ट्रॅपचं, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या प्रकाराचं, गणित आणखी सरळ आहे. पात्रता फेरीत 125 तबकड्या, प्रत्येक तबकडीवर दोन गोळ्या झाडायची मुभा, म्हणजे एका स्पर्धेत 250 काडतुसांपर्यंत मजल जाते, सराव वेगळाच. साठ्यावर शंभराची मर्यादा घालणाऱ्याला हे गणित कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा, आणि त्याच पानावर पर्याय द्या: मोठा साठा घरी न ठेवता क्लबाच्या कोठारात, दुहेरी कुलपात, नोंदीसह राहील. अधिकाऱ्याला नकार ऐकायचा नसतो, ज्याच्याखाली सही करता येईल असा मजकूर हवा असतो.

व्याख्यांचंही तसंच आहे. ‘अर्ध-स्वयंचलित शस्त्रांवर बंदी’ हे ऐकायला साधं वाटतं. पण 25 मीटर रॅपिड फायर या पिस्तुलाच्या प्रकारात नेमबाज पाच टार्गेटांवर पाच गोळ्या आधी 8, मग 6 आणि शेवटी 4 सेकंदांत झाडतो. पिस्तूल आपोआप पुढची गोळी भरणारं नसेल तर हा ऑलिंपिक प्रकारच अशक्य होतो. ते पिस्तूल पॉइंट 22 चं असतं आणि मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरतात. व्याख्येत कॅलिबर आणि मॅगझिनची क्षमता घातली की कायद्याचा हेतू राहतो आणि खेळही राहतो. हे सुचवायला नेमबाजच लागतो.

यात वेळेचा भाग फार महत्त्वाचा आहे. क्राइस्टचर्चनंतर न्यूझीलंडच्या संसदेने महिन्याच्या आत, 10 एप्रिल 2019 रोजी, 119 विरुद्ध 1 मतांनी बहुतेक अर्ध-स्वयंचलित शस्त्रांवर बंदी आणली. लोकांना सूचना मांडायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले. तिथल्या परवानाधारकांच्या परिषदेने, जिला ‘कोल्फो’ म्हणतात, पुढची अनेक वर्षं नोंदणी, क्लब आणि रेंजच्या नियमांवर चिकाटीने पाठपुरावा केला. तिच्या एकेकाळच्या प्रवक्त्या निकोल मॅकी 2023 मध्ये शस्त्रविषयक कायद्याच्या सहमंत्री झाल्या. त्यांच्या भूमिका पटोत न पटोत, बाजू मांडण्याचं काम किती दूर जाऊ शकतं हे त्यावरून दिसतं. पण मला त्यातून वेगळंच घ्यावंसं वाटतं: दोन दिवसांत टिपण लिहून होत नाही. ते आधीच तयार हवं, आणि अधिकाऱ्यांशी ओळख शांत काळात झालेली हवी. वर्षातून एकदा परवाना शाखेच्या लोकांना रेंजवर बोलवा. त्यांच्या हातात एअर रायफल द्या, दहा मीटरवरचा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दाखवा, शस्त्रागाराची किल्ली कुणाकडे असते ते दाखवा. नव्वद टक्के गैरसमज तिथेच विरतात, असं मी अनुभवाने म्हणतो.

आणि दुर्घटना घडली तर? पहिले काही दिवस शोक व्यक्त करा, तपासाला मदत करा, बाकी गप्प राहा. त्या आठवड्यात ‘गाड्यांनीही माणसं मरतात’ असं बोलणारा परवानाधारक आपल्या सगळ्यांचं वर्षानुवर्षांचं काम धुऊन टाकतो, आणि मुळात ते दुखावलेल्या माणसांशी निर्दय वागणं आहे. पोर्ट आर्थरमध्ये एप्रिल 1996 मध्ये 35 माणसं मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड बंदूकधारकांच्या सभेत बोलायला गेले, तेव्हा कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले. ते छायाचित्र आजही छापलं जातं. त्या सभेतल्या शेतकऱ्यांचं आणि नेमबाजांचं म्हणणं काय होतं, ते मात्र कुणाला आठवत नाही. देशाच्या पंतप्रधानाला आपल्यासमोर उभं राहताना जाकीट घालावंसं वाटलं, ही आपल्या बाजूची सगळ्यात मोठी हार आहे.

एकजुटीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. डनब्लेननंतर ब्रिटनमध्ये 1997 च्या सुरुवातीला झालेल्या कायद्याने पॉइंट 22 पेक्षा मोठी पिस्तुलं बंद केली. छोट्या कॅलिबरच्या नेमबाजांना वाटलं असेल, आपण वाचलो. त्याच वर्षी सरकार बदललं, आणि वर्ष संपण्याआधी दुसऱ्या कायद्याने पॉइंट 22 पिस्तुलंही गेली. ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागलं, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या स्पर्धा भरवण्यासाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. म्हणून ‘आमचा प्रकार सोडा, बाकीच्यांचं काय करायचं ते करा’ असं लिहून देऊ नका. शेतकरी, संग्राहक, शिकारीचा परवाना असलेले, सगळ्यांची प्रत्येक मागणी उचलायची गरज नाही, पण त्यांच्या विरोधात साक्षही द्यायची नाही. स्वसंरक्षणाचा मुद्दा मात्र खेळाच्या निवेदनात मिसळू नये, असं माझं ठाम मत आहे. तो वेगळा वाद आहे, त्याला वेगळी माणसं आणि वेगळे पुरावे लागतात. दोन्ही एकत्र केले की मंत्र्याला नको तेवढं वाचून कागद बाजूला ठेवायला निमित्त मिळतं.

तडजोडीला कमीपणा समजू नका. युरोपीय संघाची शस्त्रांबाबतची कडक नियमावली स्वीकारायची का, यावर स्वित्झर्लंडमध्ये मे 2019 मध्ये जनमत झालं. नेमबाजांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्या हरल्या, 63.7 टक्के लोकांनी नियमावलीच्या बाजूने मत दिलं. तरी मसुद्याच्या टप्प्यावर मिळालेली सवलत, म्हणजे वर सांगितलेली क्लब सभासदत्वाची किंवा नियमित सरावाची अट, कायद्यात राहिली आणि खेळ चालू राहिला. भारतातही 2019 मध्ये शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीत एका परवानाधारकाला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवता यावं, असा मूळ प्रस्ताव होता. हरकतींनंतर ती संख्या दोन झाली, परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 झाली आणि नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी तरतूद राहिली. त्याच दुरुस्तीत समारंभात हवेत गोळीबार करणं शिक्षेस पात्र ठरलं, आणि त्याला आपण जाहीर पाठिंबा द्यायला हवा होता, तितका मोठ्याने दिला गेला नाही याची मला खंत आहे.

तक्रारी कुठल्या उचलायच्या? खऱ्या आणि रोजच्या. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत देऊनही निर्णय महिनोन् महिने रखडतो आणि तेवढ्या काळात प्रामाणिक माणूस कागदोपत्री बेकायदा ठरतो, याला उपाय मागा: पोचपावती हीच तात्पुरती मुदतवाढ मानावी. एकाच नियमाचा अर्थ दोन अधिकारी दोन प्रकारे लावत असतील तर लेखी परिपत्रक मागा. नोंदवहीतल्या पत्त्यांच्या गोपनीयतेबद्दल आग्रह धरा. 2019 मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रं परत घेण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेतून मालकांची माहिती नको त्या माणसाला दिसू शकत होती, आणि ती व्यवस्था बंद करावी लागली. कुणाच्या घरी बंदूक आहे ही यादी चोराच्या हाती लागणं हा परवानाधारकाइतकाच शेजाऱ्यांनाही धोका आहे, हे अधिकाऱ्यांना लगेच पटतं.

एक विषय मला मनापासून मांडायचा आहे, कारण आपल्या निवेदनांमध्ये तो जवळजवळ नसतोच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परवानाधारक माणूस खचतो, नोकरी जाते, घर मोडतं, आणि तो डॉक्टरकडे जायला घाबरतो, कारण एकदा कागदावर काही लिहिलं गेलं की परवाना जाईल. ही भीती जीव घेते. क्लबाने यासाठी दोन गोष्टी कराव्यात. सभासदाने कारण न सांगता आपली शस्त्रं क्लबाच्या शस्त्रागारात ठेवावीत आणि सावरल्यावर परत न्यावीत, अशी सोय कायद्यात बसेल त्या रीतीने उभी करावी. आणि सरकारकडे मागणी करावी की स्वतःहून शस्त्र जमा करणं हे परवाना रद्द करायचं कारण ठरू नये. ही मागणी करणाऱ्या क्लबाला बंदुकांचा दलाल म्हणायला कुणी धजावणार नाही, पण करायची ती त्यासाठी नाही. करायची, कारण ज्याच्या शेजारच्या फायरिंग पॉइंटवर आपण वर्षानुवर्षं उभे राहिलो, तो माणूस आपला आहे.

तुमच्या कार्यकारिणीपुरतं सांगायचं तर, क्लबाच्या वतीने बोलणारी एकच व्यक्ती ठरावाने नेमा, आणि ती सर्वोत्तम नेमबाज असण्यापेक्षा शांत डोक्याची असलेली बरी. या कामाचा खर्च वेगळ्या खात्यातून करा, म्हणजे नको म्हणणाऱ्या सभासदाची वर्गणी त्यात जाणार नाही. निवडणुकीत कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर क्लबाचं नाव जाऊ देऊ नका, उद्या दुसरा पक्ष सत्तेत येतो आणि रेंजचा परवाना तोच नूतनीकरण करतो. आणि पहिलं टिपण तयार झालं की पाठवण्याआधी बंदूक कधी हातात न धरलेल्या, शक्यतो बंदुकीची भीती वाटणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, त्या ओळी पुन्हा लिहा.